बंद गाडीतील माल आणि त्याचे बंधन

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाह, आरोग्य आणि समाजसंघटन अशा विषयांवर व्याख्याने होत असतात. त्यांच्या मानाने मी आज निवडलेला विषय आपणांस काहीसा रुक्ष वाटेल. बंद गाडीत माल कसा बांधावा, आणि त्यासाठी भिंतीला व तळाला ज्या लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवतात त्या कशा निवडाव्यात, हा तो विषय होय. चिटणीसांनी तो ऐकला तेव्हा ते हसून म्हणाले, "गुरुजी, हे व्याख्यान एखाद्या गॅरेजात अधिक शोभेल." मी त्यांस इतकेच म्हटले की, आपल्या समाजातील किती घरांची चूल गाडीच्या चाकावर चालते ते एकदा मोजून पाहावे. त्यांनी मनातल्या मनात मोजले असावे, कारण त्यानंतर त्यांनी विषय बदलण्याचा आग्रह धरला नाही.

आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी बैलगाड्या हाकल्या. त्यांच्या मुलांनी ट्रक घेतले. आज नातवंडांपैकी काही जण बंद बॉडीच्या गाड्यांतून घरसामान, यंत्रे, दुचाकी आणि विजेची उपकरणे गावोगाव पोहोचवितात, तर काही थेट अमेरिकेत जाऊन तोच उद्योग करीत आहेत. माझे धाकटे चिरंजीव तिकडे फर्निचर व स्वयंपाकगृहाची यंत्रसामग्री पोहोचविण्याच्या कामात आहेत. त्यांच्याकडे पाच महिने राहण्याचा योग आला असता, मोटारीमागे जोडावयाचे बंद ट्रेलर मला जवळून पाहावयास मिळाले, आणि त्यासंबंधीची नियमावलीही सावकाश वाचता आली. मी अभियंता नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकविलेला एक शिक्षक आहे. परंतु या विषयाला जेवढे गणित लागते तेवढे सातवी-आठवीच्या पुस्तकात सापडते, हे मी आपणांस खात्रीने सांगू शकतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. उघड्या ट्रकमधील माल पडू नये म्हणून तो बांधला पाहिजे, हे कोणासही सांगावे लागत नाही. बंद गाडीविषयी मात्र सर्वत्र असे बोलले जाते की, "चारी बाजूंनी भिंती आहेत, वर छप्पर आहे, दाराला कुलूप आहे, माल जाणार कोठे?" माल बाहेर जात नाही हे खरे, तो आतल्या आत जातो, आणि तेथेच संकटाचा आरंभ होतो. अमेरिकेतील सामान्य बंद ट्रेलरची भिंत म्हणजे बाहेरून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून बहुधा तीन अष्टमांश इंच जाडीचे प्लायवूड, आणि या दोहोंमध्ये सोळा किंवा चोवीस इंचांच्या अंतरावर उभे केलेले धातूचे खांब. ऊन, पाऊस व चोर यांना अडविण्यासाठी ही भिंत उभारलेली असते. घसरत येणारे पाच-सहा मणांचे कपाट अडविणे हे तिचे काम नव्हे.

आता माल का सरकतो ते पाहू. न्यूटनचा पहिला नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे. गतिमान वस्तू, तिला कोणी अडविले नाही तर, त्याच गतीने सरळ रेषेत पुढे जात राहते. चालकाने ब्रेक दाबला की गाडी थांबते. मालाला मात्र ब्रेक नसतो. मालाला थांबविणारी दोनच साधने आहेत. एक, तळाशी होणारे घर्षण आणि दुसरे, आपण घातलेला बांध. अमेरिकेत व्यापारी मालवाहनांसाठी जे नियम २००२ साली प्रसिद्ध झाले व १ जानेवारी २००४ पासून पाळावे लागू लागले, त्यांत हे प्रमाण आकड्यांत सांगितले आहे. पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या आठ दशांश, मागच्या दिशेला निम्म्या, आणि दोन्ही कुशींना निम्म्या इतक्या जोराला बांधणीने टिकले पाहिजे. युरोपातील मानकांतही साधारण हेच प्रमाण आढळते.

एक उदाहरण सोडवू. भरलेले एक लोखंडी कपाट २०० किलो वजनाचे आहे असे धरा. जोरात ब्रेक लागला तर ते पुढे १६० किलोच्या जोराने जाऊ पाहील. प्लायवूडच्या तळावर घर्षणाचा गुणांक ०.४ धरला, तर घर्षण त्यातील ८० किलो सोसेल. उरलेले ८० किलो कोणी सोसावयाचे? वळणावर तेच कपाट कुशीला १०० किलोच्या जोराने जाऊ पाहील. तेथेही घर्षण ८० किलोच देईल, आणि २० किलोंचा प्रश्न उरेल. कपाटाखाली रबराची खडबडीत चटई घातली तर गुणांक ०.६ पर्यंत जातो, आणि घर्षण १२० किलो सोसते. म्हणजे वळणाचा प्रश्न सुटला, ब्रेकचा मात्र ४० किलोंनी शिल्लक राहिला. काही रुपयांच्या चटईने निम्मे काम होते आणि उरलेले निम्मे बांधावाचून होत नाही, हा या हिशोबाचा अर्थ.

परंतु कपाट सरकण्याआधी पडते, हे विसरून चालणार नाही. सहा फूट उंच आणि दीड फूट खोल कपाट घ्या. खोलीला उंचीने भागा. उत्तर पाव येते. याचा अर्थ, भार सर्वत्र सारखा असेल तर, वजनाच्या पाव भागाइतका जोर खोलीच्या दिशेने आला की ते कलंडू लागते. साधे वळणही त्याला पुरे होते. यास्तव उंच वस्तूंचा बांध तळाशी घालून भागत नाही. तो वस्तूच्या मध्याच्या वर, कमरेपेक्षा खांद्याजवळ, घातला पाहिजे. भिंतीवरच्या पट्ट्यांचा जन्म याच गरजेतून झाला आहे.

या पट्ट्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला 'ई-ट्रॅक'. ही सुमारे अडीच मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची, पाच किंवा दहा फूट लांबीची पट्टी असून तिच्यात ओळीने आयताकृती खाचा असतात. पट्ट्याच्या टोकाला स्प्रिंगचा खटका असतो; तो खाचेत दाबला की बसतो आणि ओढला की निघतो. ही पट्टी भिंतीवर आडवी बसविली तर बांधाची जागा गाडीच्या लांबीत हवी तेथे घेता येते. उभी बसविली तर उंचीत हवी तेथे घेता येते. याच खाचांत आडव्या तुळया अडकवून मालाचे दोन मजले करता येतात, किंवा लाकडी फळी टेकविण्यासाठी आधार बसविता येतात. घरसामान, खोकी व उपकरणे नेणाऱ्यांना ही पट्टी सर्वांत सोयीची.

दुसरा प्रकार 'एल-ट्रॅक'. विमानातील खुर्च्या ज्या रुळावर बसवितात त्याचाच हा भाऊबंद असल्यामुळे त्याला विमानपट्टी असेही म्हणतात. ही अॅल्युमिनियमची अरुंद पट्टी असून तिच्यात एकेक इंचाच्या अंतराने गोल भोके एका लांब फटीने जोडलेली असतात. कडी भोकात घालून अर्धा इंच सरकविली की अडकते. इंचाइंचाने जागा बदलता येते, गंज चढत नाही, आणि तळाच्या फळीत खोबण करून ती फळीच्या पातळीस बसविता येते, म्हणजे पायाला ठेच लागत नाही व चाकाच्या ढकलगाडीला अडथळा होत नाही. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या अपंग बांधवांना नेणाऱ्या गाड्यांतही खुर्ची तळाशी धरून ठेवण्यासाठी हीच पट्टी वापरतात. जेथे बांधाची जागा अचूक हवी आणि वारंवार बदलावयाची, तेथे ती उत्तम. तिचा दोष असा की, तळातील फटीत माती, खडे व कचरा साचतो. तो वेळोवेळी काढला नाही तर कडी वरवर बसल्यासारखी दिसते, परंतु अडकलेली नसते.

या दोहोंखेरीज तळाला बोल्टने आवळलेली इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची कडी असते. तिची जागा बदलता येत नाही, परंतु ती सांगाड्याला नीट जोडलेली असेल तर जड यंत्र किंवा वाहन यांच्यासाठी तिच्यासारखी विश्वासू दुसरी नाही.

आता कोणी विचारील की, "गुरुजी, यांपैकी सर्वांत मजबूत कोणती ते सांगा, म्हणजे आम्ही तीच घेऊ." हाच प्रश्न दुकानातही विचारला जातो आणि दुकानदार पट्टीवर कोरलेला आकडा दाखवितो. बाजारात मिळणाऱ्या अनेक ई-ट्रॅकच्या कड्यांवर १००० ते २००० पौंड, तर एल-ट्रॅकच्या एकेरी कडीवर १३३३ पौंड असे आकडे सामान्यतः आढळतात. २००० पौंड म्हणजे सुमारे ९०७ किलो. आकडा पाहून मन निश्चिंत होते. परंतु हा आकडा कडीचा आहे. कडी पट्टीत आहे, पट्टी स्क्रूवर आहे, स्क्रू लाकडात आहे, आणि लाकूड खांबावर आहे की नुसते हवेत, हे दुकानदार सांगत नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरसामानाची हकीकत या ठिकाणी सांगतो. त्याची बदली झाली आणि सामान बंद गाडीतून दोन जिल्हे ओलांडून नव्या गावी आले. गाडीचे दार उघडताच आतले कपाट दारावरच टेकलेले होते, ते उघडणाऱ्या तरुण हमालाच्या अंगावर आले. मुलगा वाचला, परंतु त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला आणि पुढे सहा महिने त्याच्या घरी मजुरी आली नाही. मी त्या वेळी तेथे पोहोचलो होतो म्हणून गाडीच्या आत पाहिले. दोर नवा होता, जाड होता आणि अखंड होता. त्याच्या टोकाला कडी होती. तीही अखंड होती. कडीच्या बुडाशी दोन आखूड स्क्रू होते आणि त्यांच्या आट्यांत प्लायवूडचा भुसा भरलेला होता. दोर कोठेही तुटला नव्हता. भिंतीने कडी सोडून दिली होती.

बंधुभगिनींनो, माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार त्या दोन स्क्रूंत आहे. बांध हा साखळीसारखा असतो आणि साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या दुव्याइतकेच असते. अमेरिकेच्या नियमांतही हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत घातले आहे: पट्टा, खटका, कडी आणि कडीची जागा यांपैकी ज्याची भार सोसण्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच संपूर्ण बांधाची मर्यादा समजावी. म्हणून पट्टी निवडताना पहिला प्रश्न पट्टीविषयी विचारू नये. आपल्या गाडीच्या भिंतीत खांब कोठे आहेत आणि तळाखाली आडव्या तुळया कोठे आहेत, हा विचारावा. बाहेरच्या पत्र्यावर स्क्रूंच्या किंवा रिव्हेटांच्या उभ्या रांगा दिसल्या तर खांब त्यांच्यामागे असतात. पत्रा चिकटविलेला असेल आणि सांगाडा पोलादी असेल तर आतून लोहचुंबक फिरवून खांब सापडतात.

येथेही थोडे गणित करू. पाच फुटांची पट्टी म्हणजे ६० इंच. खांब सोळा-सोळा इंचांवर असतील तर ती तीन किंवा चार खांबांवरून जाईल. चोवीस इंचांवर असतील तर दोन किंवा तीनच खांब मिळतील. म्हणजे तीच पट्टी एका गाडीत चार ठिकाणी धरलेली असते, तर दुसरीत दोन ठिकाणी. शक्य तेथे दहा फुटांची अखंड पट्टी घ्यावी आणि प्रत्येक खांबावर ती स्क्रूने धरावी. खांबांच्या मधल्या जागी नुसत्या प्लायवूडमध्ये मारलेले स्क्रू पट्टी डुलू देत नाहीत एवढेच. भार सोसण्याच्या हिशोबात ते धरू नयेत. तळाला मात्र स्क्रूवर विसंबू नये. तेथे आरपार बोल्ट घालून तो खालच्या तुळईत घ्यावा, किंवा फळीच्या खाली रुंद पोलादी पट्टी ठेवून मग नट आवळावा, म्हणजे ओढ एका भोकावर न येता मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते. भोक पाडण्यापूर्वी खाली वाकून पाहावे, कारण ब्रेकच्या व दिव्यांच्या तारा तेथूनच गेलेल्या असतात.

दुसरी गोष्ट आकड्यांची. पट्ट्यावर दोन आकडे असू शकतात. एक तुटण्याचा भार आणि दुसरा कामाचा सुरक्षित भार. विणलेल्या पट्ट्यांच्या बाबतीत सुरक्षित भार हा तुटण्याच्या भाराच्या सामान्यतः एक तृतीयांश असतो. ज्या पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत ३००० लिहिले आहे त्याचा कामाचा भार १००० असण्याचा संभव असतो. विक्रेता मोठा आकडा दाखवितो. आपण लहान वाचावा. युरोपीय पट्ट्यांवर 'एल.सी.' या अक्षरांपुढे डेकान्यूटन या मापात आकडा असतो; एक डेकान्यूटन म्हणजे व्यवहारात एक किलोचा भार समजण्यास हरकत नाही. त्या पट्ट्यांची चिठ्ठी निळी असेल तर धागा पॉलिएस्टरचा, हिरवी असेल तर नायलॉनच्या जातीचा, आणि तपकिरी असेल तर पॉलिप्रॉपिलीनचा. नायलॉन भाराखाली अधिक ताणला जातो, म्हणून माल घट्ट धरण्यास पॉलिएस्टर बरा. ज्या पट्ट्यावर चिठ्ठीच नाही त्याचे बळ कोणास ठाऊक नाही, असे समजून तो बाजूस ठेवावा.

मग किती बांध घालावेत? अमेरिकी नियमाचा साधा भाग असा. पाच फुटांपर्यंत लांबीच्या व ११०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ५०० किलोंपर्यंत वजनाच्या वस्तूला निदान एक बांध. तेवढ्याच लांबीची पण त्याहून जड असेल तर दोन. पाच ते दहा फूट लांबीच्या वस्तूला, वजन कितीही असले तरी, दोन. आणि त्यापुढे दर दहा फुटांना किंवा त्याच्या अंशाला आणखी एक. समोर भक्कम अडथळा नसताना हे प्रमाण लागू होते. आणि सर्व बांधांची मिळून मर्यादा वस्तूच्या वजनाच्या निदान निम्मी असली पाहिजे. मात्र या बेरजेत एक मेख आहे. गाडीच्या एका कुशीपासून निघून वस्तूवरून दुसऱ्या कुशीला गेलेला बांध पूर्ण धरतात. गाडीच्या कडीपासून सरळ वस्तूच्या कडीला बांधलेला बांध अर्धाच धरतात.

एक भट्टी घ्या. वजन १२०० पौंड, लांबी चार फूट. वजन ११०० च्या पुढे गेल्यामुळे दोन बांध हवेत आणि बेरीज निदान ६०० यावी. १००० पौंडांच्या दोन पट्ट्यांनी ती सरळ बांधली तर प्रत्येक अर्धा, म्हणजे ५००, बेरीज १०००. काम झाले. परंतु भिंतीची कडी स्क्रूंच्या दोषामुळे ३०० पौंडच सोसणारी असेल, तर प्रत्येक बांध १५० चाच धरला जाईल, बेरीज ३००. पट्टे तेच, भट्टी तीच, दुकानाची पावती तीच. गाडी मात्र नियमाने रस्त्यावर जाऊ शकत नाही. हा हिशोब आपल्या मुलांकडून वहीत सोडवून घ्यावा असा आहे.

तिसरी गोष्ट कोनाची. वस्तूवरून पट्टा घालून दोन्ही बाजूंस आवळला, तर तो वस्तूला तळावर दाबतो आणि घर्षण वाढवितो. पट्टा उभा, म्हणजे काटकोनात असेल तर त्याचा सर्व ताण दाबण्यास कामी येतो. तळाशी ३० अंशांचा कोन झाला तर निम्माच ताण कामी येतो, आणि १५ अंशांवर जेमतेम पाव. म्हणून बुटकी व जड वस्तू मधोमध ठेवून लांबच्या भिंतीच्या तळाशी पट्टा बांधणे हे श्रम वाया घालविणे होय. तिच्यासाठी तळातील पट्टी किंवा डी-कडी वस्तूच्या जवळ हवी, आणि पट्टे पुढे-मागे तिरपे ओढून चारी दिशांनी सरळ बांधावेत. भिंतीवरची पट्टी आडवी ओढते. दाबून धरण्याचे काम तिच्याकडून होत नाही. ती उंच वस्तू कलंडू न देण्यासाठी आहे.

आता निवडीचा प्रश्न सुटा झाला आहे असे मला वाटते. घरसामान व खोकी नेणाऱ्याने दोन्ही भिंतींवर ई-ट्रॅकच्या आडव्या ओळी घ्याव्यात. एक तळापासून दीड-दोन फुटांवर आणि दुसरी चार फुटांच्या आसपास. ज्याच्या मालाची उंची रोज बदलते त्याने खांबांवरच उभ्या पट्ट्या घ्याव्यात. त्यांचा प्रत्येक स्क्रू आपोआपच खांबात जातो हा आणखी लाभ. दुचाकी नेणाऱ्याने पुढचे चाक धरणारा खुंटा आणि तळात एल-ट्रॅक किंवा डी-कड्या घ्याव्यात. जड यंत्र नेणाऱ्याने भिंतीचा विचारच सोडावा आणि तळाच्या तुळयांत आवळलेल्या डी-कड्यांवर पैसे खर्च करावेत. दोन भिंतींमध्ये अडकवावयाचा आडवा दांडा खोकी एकमेकांवर येऊ न देण्यास ठीक. त्याने जड वस्तू थोपविण्याची अपेक्षा करू नये. सागरकिनारी राहणाऱ्यांनी आणि बर्फाच्या प्रदेशात, जेथे रस्त्यावर मीठ टाकतात तेथे गाडी चालविणाऱ्यांनी, साधे रंगविलेले पोलाद न घेता जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावे.

बैलगाडीच्या काळातील एक शब्द येथे आठवतो. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि बैलांचे पाय अधांतरी होऊ लागतात. हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे, आणि मोटारीमागच्या ट्रेलरलाही हे शब्दशः लागू पडते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर पडावा असा सर्वसाधारण दंडक आहे. तो कमी झाला, म्हणजे भार मागे गेला, तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डावीउजवीकडे झुलू लागतो आणि ओढणाऱ्या मोटारीलाही रस्त्याबाहेर फेकू शकतो. सकाळी निघताना माल अगदी तोलून भरला; चढावावर दोन पेट्या मागे सरकल्या; गाडी उलाळली. चालक बिचारा वाऱ्याला दोष देतो. म्हणून बांध हा मालाच्या रक्षणापुरता नाही. भरताना साधलेला तोल मुक्कामापर्यंत टिकविण्याचे काम तोच करतो, आणि त्या तोलावर पुढच्या आसनावरील माणसांचे प्राण अवलंबून असतात.

शेवटी देखभालीविषयी दोन शब्द. नवा माल थोड्या धक्क्यांनी बसतो आणि पट्टे सैल होतात. म्हणून अमेरिकी नियमाप्रमाणे चालकाने पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरांच्या, आत थांबून बांध तपासावा लागतो, आणि नंतर दर तीन तासांनी किंवा १५० मैलांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, पुन्हा. मोहोरबंद करून आत पाहू नये असे सांगितलेल्या गाडीस यातून सूट आहे. आपल्या गाडीस ती लावून घेऊ नये. पट्ट्याला गाठ मारू नये, कारण गाठीपाशी त्याचे बळ घटते. धारेवरून पट्टा नेताना खाली जाड कातडे किंवा कोपऱ्याची चकती ठेवावी. कापलेला, वितळलेला किंवा उन्हाने विटून ताठर झालेला पट्टा टाकून द्यावा. घरी दोरी म्हणूनही ठेवू नये, कारण घाईच्या वेळी तोच हाती लागतो. आणि दार उघडताना नेहमी एका बाजूस उभे राहून, प्रथम थोडेसे उघडून आत पाहावे.

हे सर्व परदेशचे झाले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. आपल्याकडील बंद बॉडीच्या गाड्यांत अशा पट्ट्या आज थोड्याच दिसतात हे खरे आहे. परंतु न्यूटनचा नियम मुंबई-पुणे रस्त्यावर आणि खंबाटकीच्या घाटात तोच आहे. पट्टी मिळाली नाही तरी तळाच्या तुळईत आरपार बोल्ट घातलेल्या चार कड्या कोणत्याही कारागिराकडून बसवून घेता येतात. आपल्याकडे आणखी एक रीत आहे, ती तर ताबडतोब बंद झाली पाहिजे. सामानाबरोबर उतरविणारे हमालही मागे बसवितात. बंद गाडीत मालाच्या शेजारी माणूस बसविणे म्हणजे बांधाचे काम त्याच्या हाडांवर सोपविणे होय.

भगिनींना माझी खास विनंती आहे. घरातील सामान हलविण्याचा प्रसंग आला की गाडीवाल्याशी भाड्याची घासाघीस बहुधा आपणच करता. त्याच वेळी तीन प्रश्न विचारीत जा. कपाट कशाला बांधणार? ती कडी कशात बसविलेली आहे? वाटेत तपासणार कोण? यांची उत्तरे जो सरळ देईल त्यास शंभर रुपये अधिक द्यावे लागले तरी द्या. आणि आपल्या समाजातील गाडीमालकांनी हे प्रश्न कोणी विचारण्यापूर्वीच त्यांची उत्तरे तयार ठेवावीत. गिऱ्हाईक टिकविण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. मंडळाने येत्या वर्षात एखाद्या रविवारी आपल्या गाडीमालकांना व चालकांना एकत्र बोलावून, प्रत्येकाच्या गाडीतील कड्या आतून-बाहेरून तपासण्याचा उपक्रम हाती घ्यावा, अशी मी नम्र सूचना करतो. त्यास एक हातबत्ती, एक पाना आणि एक लोहचुंबक एवढेच साहित्य लागेल, आणि खडू-फळा घेऊन येण्याचे मी कबूल करतो.